गुलमोहराचं रोप आणि नेचा: दिसायला सारखे, वागायला उलटे

कुंडीतलं वीतभर गुलमोहराचं रोप आणि शेजारचा नेचा लांबून पाहिले, तर दोन्हींची पानं पिसासारखीच. मग गुलमोहर खोलीच्या कोपऱ्यात पिवळा पडतो आणि नेचा गच्चीवर करपतो. रोप नेण्याआधी एवढं वाचा.

ओळखायचं कोवळ्या पानावरून. नेच्याचं नवं पान घड्याळातल्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं वर येतं आणि हळूहळू उलगडतं. गुलमोहराच्या पानाला आधी फाटे फुटतात, मग त्या फाट्यांवर बारीक पर्णिका. आमच्या नेच्यात, म्हणजे नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलियात, पर्णिका थेट मधल्या दांड्यावर असतात. संध्याकाळी गुलमोहर पर्णिका मिटून घेतो, नेचा नाही.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याला कडक ऊन आणि मोकळी जमीन द्या. कुंडी फक्त लहानपणापुरती. मुळं उथळ पसरतात आणि फरशी उचलतात, म्हणून भिंतीजवळ नको. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलायला काही वर्षं लागतात, तेवढा धीर हवा. बी टणक असतं. पॉलिश पेपरवर एका बाजूने घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं की रुजतं.

नेच्याला मात्र फूल कधीच येत नाही. खतं घालून वाट पाहू नका! सर्वात जास्त फोन येतात ते पानामागच्या तपकिरी ठिपक्यांबद्दल. ती कीड नव्हे, बीजाणूंची पुडकी. पर्णिकेच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ती शिस्तीत, ओळीने बसलेली असतात. खवले किडे कुठेही, दांड्यावरसुद्धा चिकटतात, नखाने निघतात आणि पान चिकट करतात. न पाहता औषध मारून चांगले नेचे जाळलेले आम्ही पाहिलेत.

बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून हृदयाच्या आकाराचा, काही मिलिमीटरचा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावर नर पेशी पाण्यातून पोहत मादी पेशीपर्यंत जाते, तेव्हा कुठे नवा नेचा. पाण्याशिवाय त्याची पुढची पिढीच नाही. तुम्हीही माती ओलसर ठेवा, पण चिखल नको. उजेड चालेल, दुपारचं ऊन नाही.

कुंडी बदलताना मुळांत गोल, लवदार गाठी दिसतील. त्या रोग समजून फेकू नका. त्यांत पाणी साठवलेलं असतं, आणि मातीत पुरल्या तर त्यांतूनही नवी रोपं फुटतात.