दोन तारांपासून चार तारांपर्यंत: फॅन हबची पार्श्वभूमी

आजच्या कॅबिनेटमध्ये सहा-सात फॅन सहज बसतात, पण मदरबोर्डवर त्यांच्यासाठी बऱ्याचदा तीन-चारच हेडर (फॅन जोडायच्या पिनांच्या जागा) असतात. मग स्प्लिटर (एका हेडरच्या अनेक जोडण्या करणारी तार) लावायचा की हब (अनेक फॅन जोडायची, वेगळी वीज घेणारी छोटी पेटी) घ्यायचा, तीन पिनांचा फॅन चार पिनांवर चालेल का, असे प्रश्न पडतात. फॅनला एकेक तार का वाढत गेली हे पाहिलं की त्यांची उत्तरं मिळतात.

1981 च्या आयबीएम पीसीत फॅन होता तो 63.5 वॅटच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात. प्रोसेसर उघडाच असे. 486 चे वेगवान प्रोसेसर आणि 1993 चा पेंटियम आल्यावर हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) फॅन चढू लागला. त्याला तारा दोनच, 12 व्होल्ट आणि ग्राउंड. वीज बऱ्याचदा एसएमपीएसच्या मोलेक्स कनेक्टरवरून, वेग कायम पूर्ण. फॅन बंद पडलाय हे मशीन हँग झाल्यावरच कळायचं. म्हणून तिसरी तार आली, टॅकोची. फॅन एका फेरीत दोन पल्स देतो, बोर्ड त्या मोजून वेग दाखवतो.

आवाज कमी करायची सोय मात्र अजून नव्हती. हौशी लोकांनी फॅन 12 आणि 5 व्होल्टच्या मध्ये जोडून 7 व्होल्टवर चालवायची युक्ती काढली. युक्ती चालते, पण आम्ही ती सुचवणार नाही: फॅन शॉर्ट झाला तर 12 व्होल्ट थेट 5 व्होल्टच्या लाइनवर जातात. पुढे 5.25 इंची बेमध्ये (कॅबिनेटमधल्या सीडी ड्राइव्हच्या खणात) बसणारे, नॉबवाले कंट्रोलर आले. त्यातले साधे कंट्रोलर जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवतात. 7 व्होल्टवर 0.2 अँपिअर घेणारा एक फॅन म्हणजे कंट्रोलरमध्ये 1 वॅट. एका नॉबवर तीन फॅन लावले की 3 वॅट, आणि आतला रेग्युलेटर चटका बसेल इतका तापू शकतो. शिवाय फिरता फॅन 5 व्होल्टवर फिरत राहिला तरी थांबलेला तेवढ्यावर सुरू होईलच असं नाही. म्हणून चांगले कंट्रोलर सुरुवातीला क्षणभर पूर्ण 12 व्होल्ट देतात.

चौथी तार इंटेलच्या स्पेसिफिकेशनमधून, 2004 च्या एलजीए 775 सॉकेटच्या काळात रुळली. यात 12 व्होल्ट कायम मिळतात आणि वेग ठरतो 25 किलोहर्ट्‌झच्या पीडब्ल्यूएम सिग्नलवर, म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या सिग्नलमधल्या चालू वेळेच्या प्रमाणावर. ही वारंवारता कानाला ऐकू येत नाही. मोटरचा करंट या तारेतून जातच नाही, काही मिलिअँपिअरचा सिग्नल तेवढा जातो. त्यामुळे एक सिग्नल अनेक फॅनना वाटता येतो, आणि हब शक्य झाला तो यामुळेच. फक्त रंगांवर विसंबू नका: तीन तारांच्या फॅनमध्ये पिवळी तार सहसा टॅकोची असते, इंटेलच्या चार तारांत तीच 12 व्होल्टची.

स्प्लिटर सगळी वीज एकाच हेडरमधून घेतो, आणि हेडर बहुधा 1 अँपिअरचा असतो. 0.3 अँपिअरचे तीन फॅन म्हणजे 0.9, सुरू होतानाचा झटका याहून मोठा असतो आणि त्यात हेडर जळू शकतो. हब वीज बहुधा एसएमपीएसच्या साटा कनेक्टरमधून घेतो. तिथे 12 व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी 1.5 अँपिअरच्या, म्हणजे एकूण 4.5.

टॅको मात्र वाटून घेता येत नाही. दोन फॅनच्या पल्स एकत्र झाल्या की बोर्ड भलतेच आकडे दाखवतो. म्हणून हब सहसा पहिल्या पोर्टचाच टॅको पुढे पाठवतो. तो पोर्ट रिकामा ठेवून हब सीपीयू फॅनच्या हेडरवर लावला, तर सगळे फॅन फिरत असूनही बूट होताना एररवर गाडी अडते. आणि दुसऱ्या पोर्टवरचा फॅन बंद पडला तर बोर्डला पत्ताही लागत नाही.

साध्या पीडब्ल्यूएम हबवर तीन पिनांचा फॅन लावला तर त्याला कायम 12 व्होल्ट मिळतात, तो पूर्ण वेगातच घोंगावतो. चार पिनांचे सगळेच फॅन घोंगावत असतील, तर आधी बायोसमध्ये तो हेडर डीसी मोडवर (वेग व्होल्टेज कमी-जास्त करून ठरवणाऱ्या) आहे का पाहा. पीडब्ल्यूएम सिग्नल मिळाला नाही की असे फॅन पूर्ण वेगाने फिरतात, आणि स्पेसिफिकेशनमध्ये ते तसंच ठरवलेलं आहे.