लेखन-स्ट्रीक

लेखन-स्ट्रीक म्हणजे रोज न चुकता लिहिल्याच्या सलग दिवसांची मोजणी. पूर्वी ही मोजणी लिहिणारा स्वतः वहीत वगैरे ठेवायचा, हल्ली ॲप ठेवतं. आज लिहिलं की आकडा एकने वाढतो आणि एक दिवस चुकला की थेट शून्य, मग आधी ४ दिवस झालेले असोत की ४००. मराठीत याला साखळी म्हणता येईल, पण म्हणत कुणी नाही, सगळे स्ट्रीकच म्हणतात.

आपल्या घरांत याच्या बरोब्बर उलटा हिशोब चालतो, तो खाड्याचा. दूधवाला किंवा पेपरवाला आला नाही की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायची आणि महिनाअखेर तेवढे पैसे वजा. म्हणजे आलेले दिवस कोरे आणि न आलेल्या दिवसावर फुली. स्ट्रीकमध्ये फुली पडते ती काम केलेल्या दिवसावर. फरक दिसायला किरकोळ वाटतो पण सगळी गंमत तिथेच आहे, कारण खाड्याच्या हिशोबात खाडा होणार हे धरलेलंच असतं, दूधवाल्याचा एक दिवस चुकला म्हणून आधीच्या २९ दिवसांचं दूध काही नासत नाही. ॲपमध्ये नासतं.

कॅलेंडरवर लाल फुल्या मारायची आयडिया अमेरिकन विनोदी कलाकार जेरी साइनफेल्डच्या नावावर खपते. २००७ मध्ये ब्रॅड आयझॅक नावाच्या प्रोग्रामरने लिहिलं की साइनफेल्डने त्याला सांगितलं होतं, वर्षाचं मोठं कॅलेंडर लाव, विनोद लिहिलास त्या दिवशी फुली मार आणि फुल्यांची साखळी तुटू देऊ नकोस. हा किस्सा इतका पसरला की त्यावर ॲपं निघाली. पुढे २०१४ मध्ये लोकांनी साइनफेल्डलाच विचारलं तर तो म्हणाला ही आयडिया माझी नाहीच. तोपर्यंत उशीर झाला होता, अजूनही पद्धत त्याच्याच नावाने सांगतात.

मोजून लिहिण्याची हौस मात्र याच्या फार आधीची आहे. इंग्लंडचा कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला टेबलावर बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द पाडायचा. रोज किती पानं झाली ते डायरीत लिहायचा, म्हणजे आळस केला की डायरीच तोंडावर बोलणार. हे सगळं त्याने आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितलं, ते १८८३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आलं, आणि प्रतिभेची वाट बघणाऱ्या मंडळींनी नाकं मुरडली.

ट्रोलपचं पान २५० शब्दांचं. तीन पानांचे होतात ७५०, आणि याच हिशोबावर बस्टर बेन्सन याने ७५० वर्ड्स ही साइट काढली, २००९ च्या शेवटाला. पण प्रेरणा ट्रोलपची नव्हे, अमेरिकन लेखिका ज्युलिया कॅमेरॉन यांची. त्यांनी १९९२ मध्ये सकाळी उठल्या उठल्या हाताने तीन पानं, मनात येईल ते, लिहायला सांगितलं होतं आणि ती कुणाला दाखवायची नाहीत अशी अट घातली होती. बेन्सनने पानाच्या जागी शब्द आणले. कुणी वाचणार नाही हा भाग तसाच ठेवला, मात्र वर पॉइंट आणि पक्ष्यांचे बिल्ले लावले: ५ दिवसांना पेंग्विन, १० ना फ्लेमिंगो, ३० ना अल्बट्रॉस, १०० ना फीनिक्स. बिल्ल्यासाठी मोठी माणसं लिहितात का? लिहितात.

काही ॲपं बिल्ल्याऐवजी छडी घेऊन बसतात. २०१६ मध्ये मॅन्युएल एबर्ट याने काढलेल्या मोस्ट डेंजरस रायटिंग ॲपमध्ये ठरवलेली वेळ संपायच्या आत पाच सेकंद हात थांबला की लिहिलेलं सगळं पुसलं जातं. मी एकदाच वापरलंय, घाम फुटला आणि जे लिहिलं ते पुसलं जायच्याच लायकीचं होतं.

सवय लागायला किती दिवस लागतात यावर २१ चा आकडा कायम फेकला जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला, तिथे मधला आकडा ६६ दिवसांचा आला आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत (२५४ अर्थात अंदाजाने काढलेला, अभ्यासच ८४ दिवसांचा). त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, लेखनाच्या नव्हे. पण त्यातली खरी कामाची गोष्ट ही की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे खाडा चालतो. पण ॲपवाल्यांनी खाडा चालवून घेतला तर रात्री साडेअकराला तुम्हाला घाईघाईने परत आणणार कसं? भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोने मधला मार्ग काढला, स्ट्रीक गोठवायची सोय, म्हणजे एखादा दिवस चुकला तरी आकडा शून्यावर येत नाही. उलट प्रोग्रामर मंडळींच्या गिटहबने २०१६ मध्ये प्रोफाइलवरचे स्ट्रीकचे आकडे काढूनच टाकले.

स्ट्रीक वाचवण्यासाठी लोक काय काय करतात हे शाळेत शुद्धलेखनाची वही भरलेल्या कुणालाही सांगायला नको. रोज दहा ओळी असा नियम, आणि दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या रात्री एकाच बैठकीत एकवीस दिवसांचं शुद्धलेखन, वर वेगवेगळ्या तारखा, हुशार पोरं तर मध्येच पेनही बदलायची. ॲपमध्ये मागची तारीख टाकता येत नाही म्हणून लोक पाट्या टाकतात. माझ्या १३७ दिवसांच्या स्ट्रीकमधले निदान वीस दिवस "आज काही सुचत नाही" हेच वाक्य कॉपी-पेस्ट केलेलं आहे, आणि ती तुटली तीही चांगलं लिहीत होतो त्या रात्री, बाराच्या पुढे गेलो आणि तारीख बदलली.

मराठीत लिहिणाऱ्याला शब्दमोजणीचा आणखी एक भुर्दंड पडतो. ॲप दोन स्पेसमधल्या तुकड्याला शब्द समजतं, आणि आपण प्रत्यय जोडून लिहितो. "शेजाऱ्यांच्यासुद्धा" हा एकच शब्द, इंग्रजीत तेवढ्यालाच तीन-चार लागतात. त्यामुळे ७५० चं टार्गेट मराठीत गाठायचं म्हणजे मजकूर बराच जास्त लिहावा लागतो. काही जण "घरा वर", "त्याच्या साठी" असं तोडून लिहितात, अजाणतेपणी बहुतेक, पण आकडा वाढतो हे खरं. इंग्रजी टार्गेट जसंच्या तसं उचलण्यापेक्षा पाचशे-साडेपाचशे धरावं हे बरं. किंवा वेळ लावून बसावं, घड्याळाला प्रत्यय कळत नाहीत.