पांढरी माशी ‘नवी’ ठरते कशी? एक पार्श्वभूमी

निपाणी भागात तंबाखूला कोकडा, म्हणजे पाने आकसण्याचा रोग, आला की शेतकरी पान उलटून बघतो. खाली बसलेली पांढरी माशी, म्हणजे बेमिसिया टॅबॅसी, शास्त्रात प्रथम नोंदली गेली तीही तंबाखूवरूनच: ग्रीसमध्ये, 1889 साली, गेन्नाडियस यांच्याकडून. अथणी-चिकोडीकडे चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या, रानातल्या खोडव्यावर दिसते ती उसाची माशी मात्र वेगळी. भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून न्यूझीलंडच्या मॅस्केल यांनी 1896 मध्ये तिचे वर्णन छापले आणि बडोद्यावरून तिला ‘बारोडेन्सिस’ नाव दिले.

उडणाऱ्या माश्या एकमेकींसारख्याच दिसतात, म्हणून जात ओळखायची ती पानाला चिकटलेल्या कोशावरून. कोश कॉस्टिक पोटॅशमध्ये स्वच्छ करून काचपट्टीवर बसवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली कडेचे दाते, पाठीवरचे केस, मेणाची छिद्रे आणि मागच्या टोकाचे गुदछिद्र तपासतात.

घोटाळा झाला तो इथेच. लवदार पानावर वाढलेल्या कोशाच्या पाठीवर लांब केस येतात, तर गुळगुळीत पानावर त्याच जातीचा कोश बिनकेसांचा राहतो. हे ठाऊक नसल्यामुळे पीक बदलले की माशीला नवे नाव मिळत गेले. बिहारमधल्या पुसा इथे 1929 साली मिश्रा आणि लांबा यांनी कापसावरच्या माशीला ‘गॉसिपिपर्डा’ म्हटले. लुईस रसेल यांनी 1957 मध्ये अशी बरीच नावे टॅबॅसीतच जमा केली आणि 1963 मध्ये माउंड यांनी पानामुळे कोश कसा बदलतो ते दाखवून दिले. मला या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे काम वाटते.

पुढे डीएनए आला आणि उलटेच घडले. 1999 च्या सुमारास आपल्याच कर्नाटकात, कोलारकडे, टॅबॅसीचा बाहेरून आलेला, ‘बी’ नावाने ओळखला जाणारा प्रकार सापडला. 2011 पर्यंत तर या एका नावाखाली किमान 24 जाती असल्याचे मांडले गेले. कोशावरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

त्यामुळे खानापूरच्या जंगलात अनोळखी कोश मिळाला, तर एका झाडावरचे दोन-चार नमुने पुरणार नाहीत. शक्य तितक्या झाडांवरचे कोश हवेत आणि प्रत्येकासोबत झाडाचे नाव, गाव, तारीख. काही नमुने डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवावेत. जुन्या जातींच्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहिल्यावरच नाव द्यावे आणि ज्यावरून ते दिले तो कोश संग्रहालयात जमा करावा.