भाड्याची सायकल, स्वतःचं हेल्मेट
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात हेल्मेट बघायला येणारे काही जण म्हणतात, "माझी स्वतःची सायकल नाही. अ‍ॅपवर उघडते ती घेतो, दोन किलोमीटर जातो, लावून टाकतो. मग हेल्मेट घेऊ का? आणि कुठलं?" काउंटरवर उभ्याउभ्या याचं पुरेसं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी सायकलीबद्दल. २०१७ च्या डिसेंबरात पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये अशा सायकली आल्या, तेव्हा अनेकांनी नाक मुरडलं होतं: किती जड, किती हळू! पण तोच तिचा गुण आहे. रुंद टायर, बुटका सांगाडा, ताठ बसायची ठेवण, यामुळे तुम्ही वेगात जात नाही आणि समोरचं नीट दिसतं. अमेरिकेतल्या मिनेटा ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि मिनिआपोलिस इथल्या योजना तपासल्या. तिथे सार्वजनिक सायकलींच्या टकरींचं प्रमाण खासगी सायकलींपेक्षा कमी निघालं, आणि हेल्मेट घालणारे मात्र या सायकलींवरच कमी होते. म्हणजे हेल्मेटच्या आधी सायकलीची बांधणी आणि चालवण्याची रीत तुम्हाला जपते. हेल्मेट विकणारे असूनही आम्ही हे आधी सांगतो, कारण खरं तेच आहे.

२०१६ मध्येच अमेरिकेतल्या शिकागोत अशा भाड्याच्या सायकलवरचा एक जीव गेला. वळणाऱ्या ट्रकने धडक दिली होती. तिथे वाहनं उजवीकडून चालतात आणि ट्रक उजवीकडे वळत होता; आपल्याकडे तेच संकट डावीकडे वळणाऱ्या बस, डंपर आणि टँकरचं. सिग्नलला मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूची फट मोकळी दिसली तरी तिच्यात शिरू नका. चालकाला तुम्ही दिसत नाही आणि वळताना मागची चाकं आत येतात. अशा चाकाखाली कुठलंच हेल्मेट उपयोगी पडत नाही. थांबा, गाडी जाऊ द्या.

भाड्याची सायकल आधी कोणी कशी वापरली हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून निघण्याआधी एक मिनिट द्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकला, चाक न फिरता घासत सरकलं पाहिजे. कुठल्या हाताचा ब्रेक कुठल्या चाकाचा हेही तेव्हाच कळेल. सगळ्या सायकलींत ते सारखं नसतं. सीट आधीच्या माणसाच्या उंचीचं असतं, ते आपल्या कमरेच्या हाडापर्यंत आणा. हवा न भरावी लागणारे भरीव टायर असतील तर पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि चेंबरच्या झाकणांवर वळू नका, सरळ जा. मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर तुटलेला असेल तर अंधारात ती सायकल नकोच, दुसरी उघडा.

आता हेल्मेट. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती साध्या सायकलला लागू नाही. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या बॅटरीच्या गाड्याही मोटार वाहनांत मोजल्या जात नाहीत. सक्ती असली की काय होतं ते ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये दिसलं. तिथे १९९० पासून सायकलला हेल्मेट सक्तीचं आहे. २०१० मध्ये सार्वजनिक सायकली आल्या, पण वाटेत अचानक सायकल घ्यावीशी वाटणाऱ्याच्या हातात हेल्मेट कुठून असणार? पाच डॉलरची हेल्मेटं विकून पाहिली, सायकलींवर ठेवून पाहिली, तरी २०१९ मध्ये योजना बंद झाली. इतरही कारणं होती, पण ही अडचण खरी. आमचं मत असं की सक्ती नसावी, पण हेल्मेट जरूर असावं. आणि ते स्वतःचं असावं, कारण सार्वजनिक हेल्मेट आधी कुठे आपटलं हे बाहेरून ओळखता येत नाही.

"आयएसआय आहे ना?" हा प्रश्न आम्हाला रोज येतो. दुचाकीच्या हेल्मेटवरचा आयएस ४१५१ हा शिक्का मोटरसायकलसाठी आहे. ते हेल्मेट सायकलला जड आणि गरम होतं, दहा मिनिटांत हँडलला लटकतं. सायकलच्या हेल्मेटमध्ये आतल्या बाजूला युरोपच्या ईएन १०७८ या मानकाचं किंवा अमेरिकेच्या सीपीएससी या ग्राहक-सुरक्षा संस्थेचं लेबल शोधा. ईएनच्या चाचणीत हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर पाडतात, म्हणजे साधारण ताशी १९–२० किलोमीटरचा आघात. सायकलवरून डोक्यावर पडण्याचा तो अंदाज आहे. भरधाव मोटारीच्या धडकेचं आश्वासन हेल्मेट देत नाही, आम्हीही देत नाही. काही हेल्मेटांत मिप्स नावाचा आतला सरकता थर असतो, तो तिरक्या आघातासाठी. परवडत असेल तर घ्या, पण आधी मापात बसणारं पाहा.

भुवयांच्या वर टेप लावून डोक्याचा घेर मोजा. पुढची कड भुवईच्या दोन बोटं वर राहावी, कपाळ उघडं टाकून मागे सरकलेलं हेल्मेट काही कामाचं नाही. पट्टे कानाच्या पाळीखाली जुळावेत, हनुवटीखाली एक बोट मावावं, आणि मोठी जांभई दिली की हेल्मेट डोक्यावर दाबलं जावं. अंबाडा किंवा क्लचर असेल तर केस खाली बांधून माप घ्या. मापासाठी याल तेव्हा जशी रोज बांधता तशीच वेणी घालून या.

रोज मेट्रोने येऊन सायकल घेणाऱ्यांनी घडीचं हेल्मेट बघायला हरकत नाही. फक्त लेबल तपासा. साधं असेल तर बॅगेच्या पट्ट्याला बक्कलने अडकवा, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका. एकदा जोरात आपटलं की बदला. आतला थर्माकोलसारखा थर चेपूनच डोकं वाचवतो आणि चेपलेला पुन्हा फुगत नाही.

हेल्मेट दुसरीकडून घेतलेलं असलं तरी घेऊन या. पट्टे बसवून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.