शिकिनेन सेंगू

शिकिनेन सेंगू : जपानच्या मिए प्रांतातील इसे येथील शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवालय दर वीस वर्षांनी लगतच्या राखीव जागेवर जसेच्या तसे नव्याने बांधून देवतेला तेथे नेण्याचा विधी. ‘शिकिनेन’ म्हणजे नियमाने ठरलेले वर्ष आणि ‘सेंगू’ म्हणजे देवालयाचे स्थलांतर. यासाठी ‘जीर्णोद्धार’ हा शब्द वापरला जातो. परंतु येथे वास्तू जीर्ण होण्याची वाटच पाहिली जात नसल्याने तो नेमका नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवर विधीशी तुलना करता येते. मात्र पुरीला मूर्ती बदलतात, इसे येथे वास्तू बदलते आणि देवतेचे प्रतीक असलेला आरसा तोच राहतो.

इसे येथे मुख्य देवालये दोन आहेत. नाइकू (आतले देवालय) हे सम्राटवंशाची कुलदेवता मानल्या गेलेल्या आमातेरासू या सूर्यदेवतेचे, तर गेकू (बाहेरचे देवालय) हे अन्नदेवता तोयोउके हिचे. या दोहोंबरोबर चौदा उपदेवालये आणि नाइकूच्या वाटेवरील उजी पूल यांचीही पुनर्बांधणी होते.

विधीचा आरंभ सम्राट तेनमू याच्या संकल्पाने झाला आणि त्याची राणी व वारस जितो हिच्या कारकिर्दीत ६९० मध्ये नाइकूचे व ६९२ मध्ये गेकूचे पहिले स्थलांतर झाले, असे परंपरा सांगते. या तारखांचा आधार मात्र नंतरच्या काळातील एक देवालयीन संकलन हा आहे. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या राजइतिहासात जितोच्या कारकिर्दीचा तपशीलवार वृत्तांत असूनही या स्थलांतराचा उल्लेख नाही. तरीही बहुतेक अभ्यासक सातव्या शतकाचा शेवट हा काळ ग्राह्य धरतात. वीस वर्षांचा नियम ८०४ मध्ये राजदरबाराला सादर झालेल्या देवालयाच्या विधिनोंदीत व पुढे ९२७ च्या ‘एंगीशिकी’ या नियमसंहितेत स्पष्ट आढळतो.

वीसच वर्षे का, याचे कारण जुने दस्तऐवज देत नाहीत. त्यामुळे अनुमानांना वाव राहिला आहे. पहिले अनुमान टिकाऊपणाचे. देवालयाला जोते नसते. रंग वा लाख न लावलेले हिनोकी या सूचिपर्णी वृक्षाचे खांब थेट जमिनीत पुरतात आणि छप्पर गवताने शाकारतात, तेव्हा दोन दशकांत ते कुजणारच. परंतु दगडी पायावर टिकाऊ बांधकाम करण्याची विद्या त्याआधीच बौद्ध मठांमुळे जपानला अवगत झालेली होती, म्हणजे ही नश्वर पद्धत जाणूनबुजून निवडली गेली असे मानावे लागते. दुसरे अनुमान, कारागिराला उमेदवार, कसबी आणि गुरू अशा तिन्ही नात्यांनी काम करता यावे म्हणून हे अंतर ठेवले, हे लोकप्रिय असले तरी आधुनिक विचारसरणीचे वाटते. तिसरे धान्याशी संबंधित आहे : प्राचीन संहितेत शिजवून वाळवलेला भात वीस वर्षे साठवावा असा कोठारांचा नियम होता, आणि भुईपासून उंचावर लाकडी तळ असलेल्या इसे देवालयाचा घाटही धान्यकोठाराचाच आहे. चौथे अनुमान कालगणनेचे. चांद्र महिने व सौर वर्ष यांचा मेळ १९ वर्षांनी बसतो. अधिकमासाचे गणित जाणणाऱ्या वाचकाला हे नवे नाही. महत्त्वाचे म्हणजे प्राचीन काळी ‘विसाव्या वर्षी’ याचा अर्थ आरंभीचे वर्ष धरून मोजलेले विसावे, म्हणजे प्रत्यक्षात बहुधा १९ वर्षांचे अंतर, असा होता. पूर्ण वीस वर्षांचा पायंडा एदो काळातील (१६०३–१८६८) आहे. अकराव्या चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला दक्षिणायनाचा अंत येण्याचा १९ वर्षांनी घडणारा योग दरबार साजरा करीत असे, पण त्याच्या नोंदी पहिल्या स्थलांतरानंतरच्या आहेत. तेव्हा कालगणनेचे मत सर्वांत सुसंगत असले, तरी ते सिद्ध झाले आहे असे म्हणता येत नाही.

परंपरा अखंडही नाही. यादवी युद्धांच्या काळात गेकूचे स्थलांतर १४३४ नंतर थेट १५६३ मध्ये आणि नाइकूचे १४६२ नंतर १५८५ मध्ये झाले. दोन्हींसाठी वर्गणी गोळा केली ती सेइजून व शूयो या बौद्ध भिक्षुणींनी. ज्या देवालयाच्या परिसरात बुद्ध, भिक्षू हे शब्द उच्चारणेही निषिद्ध असे आणि भिक्षूला ‘लांब केसांचा’ असे उलटे नाव होते, तेथे हे घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर राज्य व शिंतो यांची फारकत झाली आणि १९४९ चे स्थलांतर लांबून १९५३ मध्ये लोकवर्गणीतून पार पडले. बासष्टावे २०१३ मध्ये झाले. त्रेसष्टावे २०३३ मध्ये असून त्याचे विधी २०२५ मध्ये सुरू झाले.

पूर्वतयारी आठ वर्षे चालते व तीत तीसहून अधिक विधी असतात. किसोच्या जंगलात पहिले वृक्ष तोडताना बुंध्याला तीन बाजूंनी कुऱ्हाडीने पोखरून लाकडाचे केवळ तीन अरुंद पट्टे, म्हणजे ‘दोऱ्या’, शिल्लक ठेवतात व शेवटची तोडल्यावर झाड कोसळते. मग त्याच्याच शेंड्याची डहाळी बुंध्यात रोवतात. इसेचे नागरिक ओंडके ओढून आणतात आणि शेवटी पांढरे गोटे फडक्यात धरून नव्या आवारात पसरतात. एरवी बंद असलेल्या कुंपणाआत सामान्य माणसाचा पाय तेव्हाच लागतो. मुख्य स्थलांतर ऑक्टोबरात रात्री, दिवे मालवून, कोंबड्याच्या आरवण्याची तीनदा नक्कल करून सुरू होते. पुजारी पांढऱ्या रेशमी पडद्याआड आरसा नेतात.

जुने लाकूड टाकले जात नाही. दोन्ही देवालयांच्या आढ्याला आधार देणाऱ्या थोर खांबांपासून उजी पुलाच्या दोन टोकांच्या कमानी होतात, आणि वीस वर्षांनी त्याच कमानी तोकाइदो या एदो (आजचे टोकियो) ते क्योतो जुन्या हमरस्त्यावरील कुवाना व सेकी येथे उभ्या राहतात. उरलेले लाकूड देशातील इतर देवालयांना दिले जाते.