वल्ह्यांची मोजणी: स्ट्रोक रेट मीटर कुठून आले आणि ते नेमके काय मोजते

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात कुणाला ‘स्ट्रोक आला’ म्हटले की लोक आधी त्याला सावलीत ओढतात. शेतातल्या जुन्या डिझेल इंजिनापाशी स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल. रोइंगच्या बोटीत हाच शब्द आणखी दोन अर्थांनी वावरतो. वल्ह्याचा एक पूर्ण फेरा, पाण्यात घालण्यापासून पुन्हा पाण्यात घालण्यापर्यंत, हा स्ट्रोक. आणि बोटीच्या मागच्या टोकाला बसून बाकीच्यांना ताल देणारा खेळाडू, तोही स्ट्रोकच. मिनिटाला किती स्ट्रोक होतात, म्हणजे ‘रेट’ किती, हे दाखवणाऱ्या मीटरचा चुंबक बहुतेक वेळा या दुसऱ्या स्ट्रोकच्या सीटखाली बसतो. त्यामुळे ‘स्ट्रोकला मीटर लाव’ या वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्यागणिक बदलतो.

हतनूर, वाघूर किंवा गिरणेच्या साठलेल्या पाण्यावर बोट उतरवून मीटर बसवायला घेतलेल्या माणसाची अर्धी अडचण या शब्दातच आहे. मीटर बिघडले, उलटसुलट आकडे दाखवते, अशी तक्रार येते, तेव्हा बहुधा यंत्र शाबूत असते. त्याने मोजलेला ‘स्ट्रोक’ आणि काठावरच्या माणसाने मोजलेला ‘स्ट्रोक’ वेगळे असतात, एवढेच.

फार मागे जाण्याचे कारण नाही. बोटीतली बैठक पक्की होती तोवर मोजणी डोळ्याने आणि घड्याळाने होई. १८७० च्या दशकात सरकती सीट रुळली. टेम्सवरच्या ऑक्सफर्ड-केंब्रिज विद्यापीठांच्या वार्षिक शर्यतीत १८७३ साली दोन्ही बोटींना ती होती. पाय लांब करून पूर्ण अंगाने ओढता येऊ लागले आणि सीट प्रत्येक फेऱ्यात मागेपुढे जाऊ लागली. पुढे शंभर वर्षांनी चुंबक चिकटवायला जागा मिळाली ती या सरकत्या सीटमुळे. त्या मधल्या काळात मात्र स्टॉपवॉचचेच राज्य होते, आणि ते अजून पुरते संपलेले नाही.

स्टॉपवॉचची रीत सोपी दिसते. एका स्ट्रोकला किती सेकंद लागले ते पाहायचे आणि ६० ला त्या आकड्याने भागायचे. पण मिनिटाला ३६ च्या लयीत एक स्ट्रोक जेमतेम १.६७ सेकंदांचा असतो. बटण दाबताना हात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाला, तर उत्तर ३२ पासून जवळजवळ ४१ पर्यंत कुठेही येते. म्हणून तीन स्ट्रोक धरून १८० ला भागायची पद्धत पडली. तीन स्ट्रोकला ५ सेकंद म्हणजे ३६. तेवढीच चूक झाली तरी उत्तर ३४.६ ते ३७.५ च्या आत राहते. रेटच्या घड्याळांवरचा ‘बेस ३’ तो हाच.

यात नवखा माणूस हमखास फसतो. वल्हे पाण्यात शिरताना ‘एक’ म्हणून बटण दाबतो आणि ‘तीन’ला थांबवतो. कुंपणाचे तीन खांब म्हणजे मधली अंतरे दोनच. खरा रेट ३० असताना दोन स्ट्रोकला ४ सेकंद लागतात, १८० भागिले ४ म्हणजे घड्याळ ४५ सांगते. पहिल्या कॅचला, म्हणजे वल्हे पाण्यात शिरण्याच्या क्षणाला, ‘शून्य’ म्हणायची सवय लावली की हा घोळ मिटतो.

बोटीत बसणारे, खेळाडूला स्वतःला दिसणारे मीटर आले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर. तोवर क्वार्ट्झ घड्याळे आणि एलसीडी पडदे स्वस्त झाले होते, आणि रीड स्विच तर १९३६ पासून टेलिफोनच्या तंत्रज्ञानात होताच. काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या. चुंबक जवळ आला की चिकटतात, दूर गेला की सुटतात. त्याला वीज लागत नाही, आणि नळी बंद असल्याने आत गंजही चढत नाही. पाण्यावर वापरण्यासाठी यापेक्षा साधी वस्तू शोधून सापडली नसती. सीटच्या पोटाला चुंबक, सीटच्या दोन ट्रॅकच्या (रुळांच्या) मधे बोटीच्या तळाला सेन्सर, तिथून फूटबोर्डापर्यंत (पाय टेकवायच्या फळीपर्यंत) वायर आणि टोकाला मीटर. नंतर कॉक्सच्या, म्हणजे सुकाणू धरून हुकूम देणाऱ्याच्या, ध्वनिवर्धकातच रेट दिसू लागला आणि ही वायर बोटीच्या कायमच्या सामानात जमा झाली.

याच सुमारास, १९८१ पासून, काही एकेरी बोटींमध्ये सीट पक्की ठेवून रिगर (वल्हे पेलणारी बाहेरची चौकट) सरकवायची रचना आली. बोट कमी हिंदकळत असल्याने ती वेगवान ठरली, पण महाग होती. १९८३ मध्ये जागतिक पातळीवर तिच्यावर बंदी आली. ती टिकली असती तर सीटखालचा चुंबक जागच्या जागी बसून राहिला असता आणि मीटरची वाट वेगळी झाली असती. बंदीच्या चर्चेत मीटरचा विषय कुणी काढलेला दिसत नाही, पण फायदा मीटरचाही झाला.

आता खरा गुंता. चुंबक सीटबरोबर सेन्सरवरून एका फेऱ्यात दोनदा जातो: एकदा ओढताना, एकदा परत येताना. म्हणजे एका स्ट्रोकला दोन स्पंद (विजेचे ठोके). रोइंगसाठी बनवलेले मीटर हे जाणते आणि एक आड एक स्पंद धरते. सायकलचे कॅडेन्स मीटर (पायडलचे फेरे मोजणारे) लावून काम भागवणाऱ्याला मात्र याचा चटका बसतो. खरा रेट २० आहे, एक स्ट्रोक ३ सेकंदांचा. सेन्सर स्लाइडच्या, म्हणजे सीटच्या सरकण्याच्या पट्ट्याच्या, अगदी मधोमध असेल तर दर दीड सेकंदाला स्पंद येतो आणि पडद्यावर ४० दिसते. सेन्सर फिनिशच्या (ओढणे जिथे संपते त्या) बाजूला सरकलेला असेल, तर एक अंतर १ सेकंदाचे आणि दुसरे २ सेकंदांचे पडते, आणि मीटर ६०, ३०, ६०, ३० असे नाचू लागते. बॅटरी बदलून यात काहीच फरक पडत नाही.

यावर तोडगा असतो. सेन्सर स्लाइडच्या टोकाला अशा जागी लावायचा की चुंबक त्याच्यावर येऊन तिथूनच मागे फिरेल. पाती एकदाच चिकटते, एकदाच सुटते, स्ट्रोकला एकच स्पंद. पण किंमत मोजावी लागते. पाय थोडे आखडले की चुंबक पोचतच नाही, आणि टोकाला सीट जरा थरथरली की पाती चिकटते-सुटते आणि एकाचे तीन होतात. रोइंगच्या मीटरला ही जागा देऊ नये. त्याच्यासाठी सेन्सर मध्यापासून किंचित फिनिशकडे हवा, म्हणजे अर्ध्या स्लाइडचा सरावही मोजला जातो, आणि पूर्ण फेऱ्यात चुंबक दोन्ही बाजूंना निदान १० सेंटिमीटर पुढे निघून जातो. फक्त हातांनी किंवा हात-पाठीने वल्हवण्याच्या सरावात सीट हलतच नाही. तेव्हा मीटर कोरेच राहणार.

अंतराबाबत ‘जितके जवळ तितके चांगले’ हा समज चुकीचा आहे. चुंबक आणि रीड स्विच समांतर असले की चिकटण्याचा एक मोठा टप्पा मध्ये आणि दोन लहान टप्पे दोन्ही बाजूंना तयार होतात. अंतर फार कमी असेल तर हे बाजूचे टप्पेही जागे होतात आणि एका जाण्यात तीन स्पंद पडतात. साधारण दीड ते दोन सेंटिमीटरपासून सुरुवात करावी. सीटखाली जागा जास्त असेल तर चुंबकामागे नायलॉनची पट्टी देऊन तो खाली आणावा. लोखंडी पट्टी देऊ नये, ती चुंबकाचे क्षेत्र आपल्याकडे ओढून घेते. चिकटवण्याआधी चिकटपट्टीने तात्पुरता लावून सीट हाताने वीसदा सरकवायची आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तारा जुळल्या की वाजणाऱ्या खुणेवर) ठेवून बीप मोजायचे. वीस फेऱ्यांना चाळीस बीप आले तर रोइंगच्या मीटरसाठी जागा बरोबर. एकही बीप नाही आला तर चुंबक नव्वद अंशात फिरवून पाहावा. सुटा रीड स्विच बसवताना त्याच्या तारा काचेच्या अगदी मुळाशी वाकवू नयेत. डोळ्याला न दिसणारा तडा जातो आणि पहिल्या भिजण्यात स्विच मरतो.

वायर बोटीच्या मधल्या कण्यालगत न्यावी. ट्रॅकच्या खालून घेतली तर चाकाखाली सापडून महिनाभरात सोलते. दर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर पट्टी हवी, आणि फूटबोर्डापाशी हातभर वायर मोकळी, कारण प्रत्येक खेळाडू फूटबोर्ड आपल्या उंचीप्रमाणे मागेपुढे करतो. ताणून बांधलेली वायर नेमकी तिथेच तुटते. जोडावर हिरवट थर दिसला की तांबे गंजले समजावे. कापून नवा जोड द्यावा, वर ग्रीस आणि हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी. मीटर फूटबोर्डावर किंवा रिगरच्या आडव्या दांडीवर बसते. कॅचला हात सगळ्यात पुढे येतात तेव्हा वल्ह्याच्या मुठी त्याला लागत नाहीत ना, हे बोट स्टँडवर असतानाच पाहून घ्यावे.

शब्दाचा दुसरा घोळ ‘रेट’चा. मराठीत त्याला कुणी गती म्हणते, कुणी वेग, कुणी वल्ह्यांचा दर. काठावरून ‘रेट कितला?’ असे विचारणाऱ्याला खरे तर बोटीचा वेग हवा असतो, आणि आतला मीटर पाहून वल्ह्यांचा आकडा सांगतो. बोट सेकंदाला ४ मीटर जात असेल आणि रेट २० असेल, तर प्रत्येक स्ट्रोकला ती १२ मीटर सरकते. रेट २४ झाला आणि वेग तोच राहिला, तर १० मीटर. म्हणजे चार जादा स्ट्रोक खर्च झाले आणि पदरात काही पडले नाही. ‘दर’ हा शब्द सगळ्यात नेमका आहे, पण बाजारभावाचा वास येतो म्हणून की काय, तो कुणाच्या तोंडी बसला नाही. भरीला ‘रेशो’ आहे, ओढण्याचा आणि परतण्याचा वेळ यांचे प्रमाण. २० च्या रेटला साधारण १ सेकंद ओढणे आणि २ सेकंद परतणे असते; शर्यतीत रेट ३५ च्या पुढे गेला की दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या होतात. साधे रेट मीटर हे प्रमाण दाखवत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये.

२००० च्या मे महिन्यात उपग्रहांचा नागरी संकेत मुद्दाम बिघडवणे थांबले आणि छोट्या जीपीएसवर बोटीचा वेग वाचता येऊ लागला. पुढे फोनमध्ये त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल ओळखणारे सेन्सर, आले. आता चुंबक नको, वायर नको. कॅचच्या क्षणी बोटीला मागे खेचणारा धक्का बसतो, तो ओळखून यंत्र स्ट्रोक मोजते. सोय मोठी आहे आणि बहुतेक लोक त्याच वाटेने गेले. पण मोजणीचा अर्थ इथे तिसऱ्यांदा बदलला. माणूस वल्हे पाहत होता, चुंबक सीट मोजत होता, हे यंत्र बोटीचा धक्का मोजते. धक्काच कमजोर असेल तर स्ट्रोक निसटतो. सावकाश वल्हवताना, दोनच जण ओढत असलेल्या आठ जणांच्या बोटीत, किंवा दुपारच्या वाऱ्याने लाटा उठलेल्या जलाशयावर आकडा गायब होतो किंवा उड्या मारतो. अशा वेळी जुना चुंबक मुकाट बरोबर मोजत असतो, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवे. त्वरणमापकाचे मीटर पक्के आवळलेले आणि बोटीच्या लांबीच्या रेषेत हवे. पाण्याच्या बाटलीशेजारी सैल ठेवलेला फोन स्वतःचीच थरथर मोजतो. शर्यतीत बोटीतून बाहेर किंवा बाहेरून बोटीत माहिती पाठवायला मनाई असते, म्हणून फोनची जोडणी आधी बंद करावी लागते.

खानदेशात दोन गोष्टी वेगळ्या पडतात. पहिली ऊन. पारा ४५ च्या आसपास असताना उघड्यावर ठेवलेल्या काळ्या बोटीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. एलसीडी पडदा काळवंडतो. सावलीत नेला की बहुधा पूर्ववत होतो. दुहेरी चिकटपट्टी मात्र मऊ होऊन सरकते आणि चुंबक एखादा सेंटिमीटर खाली लोंबतो. इथे इपॉक्सी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रूच बरे. दुसरी गोष्ट गाळ. तापी-पूर्णेच्या पाण्याबरोबर येणारा बारीक गाळ ट्रॅकवर बसतो, सीट अडखळते आणि चुंबकावर लोखंडी कणांची दाढी उगवते. आठवड्याला ओल्या फडक्याने चुंबक पुसला की पुरते.

सरदार सरोवर आणि उकाईच्या फुगवट्यावर चालणाऱ्या वल्ह्यांच्या साध्या नावांना सरकती सीटच नाही, तेव्हा सीटचे मीटर तिथे निरुपयोगी. चुंबक वल्ह्याच्या दांड्याला, वल्हे अडकवायच्या खुंट्याच्या आतल्या बाजूला बांधावा आणि सेन्सर नावेच्या काठाला. वल्हे मागेपुढे होताना तेच दोन स्पंद मिळतात. अंतर मात्र दीड सेंटिमीटर धरता येत नाही, कारण दांडा वर-खालीही होतो. मोठा चुंबक घेऊन तीन-साडेतीन सेंटिमीटरवर लावावा आणि पाण्यात उतरण्याआधी वीस फेऱ्यांचे चाळीस बीप मोजून घ्यावेत.