दुबईत पहिला कामगार ठेवताना मालकाची जबाबदारी

दुबईत हॉटेल, वर्कशॉप किंवा छोटी कंपनी काढणारे आपले लोक ट्रेड लायसन्सची चौकशी बारकाईने करतात. माणूस कामावर घेतला की मालकावर काय काय येते, हे मात्र अनेकांना दंडाची नोटीस आल्यावर कळते.

संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. फ्री झोनमधल्या, म्हणजे व्यवसायासाठी राखलेल्या खास क्षेत्रांतल्या, कंपन्याही त्यात येतात, फक्त कामाचे परमिट तिथले प्राधिकरण देते. दुबईतील डीआयएफसी आणि अबुधाबीतील एडीजीएम ही वित्तीय केंद्रे स्वतःच्या कायद्याने चालतात. घरकामगारांसाठीही स्वतंत्र कायदा आहे.

कामगाराच्या परमिटसाठी अर्ज कोण करू शकतो? चालू ट्रेड लायसन्स, एस्टॅब्लिशमेंट कार्ड (कंपनीच्या इमिग्रेशन नोंदणीचे कार्ड) आणि मनुष्यबळ मंत्रालयाकडे, म्हणजे ‘मोहरे’कडे, उघडलेली कंपनीची फाइल असलेला मालक. कामगाराचा पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, सोबत फोटो आणि सही केलेले ऑफर लेटर. कुशल पदासाठी शिक्षणाचे साक्षांकित प्रमाणपत्र लागते. भारतातून पदवी साक्षांकित करून घ्यायला वेळ जातो, म्हणून ते काम सगळ्यात आधी काढा.

ऑफर लेटरकडे सर्वात जास्त लक्ष द्या. त्यात लिहिलेला पगार आणि सवलती पुढच्या करारात कमी करता येत नाहीत. अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला समजणाऱ्या भाषेतला मजकूर जोडायचा असतो. हिंदी नमुना मिळतो. तरी रत्नागिरीहून येणाऱ्या मुलाला प्रत्येक कलम मराठीत वाचून दाखवा, मगच सही घ्या.

यानंतर परमिटची मंजुरी, शुल्क, बँक गॅरंटी किंवा तिच्याऐवजी विमा आणि मग एंट्री परमिट. माणूस पोहोचला की वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी, करार आणि रेसिडेन्सी.

हा सगळा खर्च मालकाचा. भरतीचा एक दिरहमही कामगाराकडून घेता येत नाही, नंतर पगारातून कापूनही नाही. त्याचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवणेही बेकायदा आहे. ‘सगळेच ठेवतात’ म्हणून ते कायदेशीर होत नाही. परमिटशिवाय माणूस राबवल्यास २०२४ च्या दुरुस्तीनुसार दंड एक लाख ते दहा लाख दिरहम.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी आवश्यक) असा शेरा असतो. त्यांना आणताना भारताच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मालकाची नोंदणी आणि इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. व्हिजिट व्हिसावर आणून नंतर बघू, हा मार्ग त्या माणसाला उघड्यावर टाकतो.

कामावर रुजू झाल्यावर पगार ‘वेजेस प्रोटेक्शन सिस्टीम’ या सरकारी देखरेखीच्या पगार प्रणालीतूनच द्यायचा. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा. जादा कामाला मूळ वेतनावर २५ टक्के, रात्री १० ते पहाटे ४ दरम्यान ५० टक्के वाढीव दर. वर्ष पूर्ण झाल्यावर ३० दिवसांची पगारी रजा. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नको, आणि त्या काळात काढायचे असेल तर १४ दिवस आधी लेखी कळवावे लागते. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम बंद.

ग्रॅच्युइटीचा हिशेब बेसिकवर होतो: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे, पुढे ३० दिवसांचे वेतन. बेसिक ३,००० दिरहम असेल तर पाच वर्षांचे १०,५०० होतात. हे पैसे दरमहा बाजूला काढावेत, कारण माणूस सोडून गेला की १४ दिवसांत सगळे देणे चुकते करायचे असते.

त्याची फाइल लगेच फाडू नका. नोकरी संपल्यानंतर किमान दोन वर्षे ती जपून ठेवणे मालकाला बंधनकारक आहे, आणि थकबाकीचा दावाही नोकरी संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत करता येतो.